पाण्याची रेघ

जेवणाच्या टेबलावर अकरा पानं.
एका कोपऱ्यावर मीठदाणी ठेवली, दुसऱ्यावर लिंबू,
कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
टूसॉनमधला मे महिना, संध्याकाळचे सात,
आणि बाहेरची भिंत अजून हाताला चटका देते.

एव्हारिस्तो चष्मा पुसतो. पुन्हा पुसतो.
एकतीस वर्षं हा माणूस लोकांच्या परसांत
गुडघ्यांवर बसून टाइल लावत गेला.
टेकड्यांवरच्या कितीतरी घरांत त्याच्या हातची निळाई आहे,
आमच्या परसात एक नळ,
एक प्लॅस्टिकचा टब
आणि दोरीवर कडक झालेले टॉवेल.

आज तो टेबलाच्या या बाजूला.
समोर ब्रॅडन टॅकेट, त्याच्या जुन्या मालकाचा मुलगा,
ज्याला यानंच कधी सिमेंटच्या पोत्यावर बसवून
डोनट भरवला होता.

"खोदताना कलीची लागली तर?"
कलीची म्हणजे इथल्या मातीखालचा तो चुनखडीचा थर,
पहार मारली की टणकन वाजते
आणि मारणाऱ्याचे दात हलतात.
"पान चार," ब्रॅडन म्हणतो, "त्याचे तासावर वेगळे."
"किती तास ते लिही. जास्तीत जास्त किती तेही.
हे वाक्य तुझ्या बापानं माझ्यादेखत टाइप करवलं,
त्यात काय काय मावतं, मला ठाऊक आहे."

खड्डा झाल्यावर इतके.
सळया बांधून तपासनीस सही करून गेला की इतके.
शेवटचा हप्ता, पाणी भरून
पंप एक आठवडा न कुरकुरता चालल्यावर.
मशीन आत येणार हाल्डरसनबाईंची भिंत पाडून,
ती परत कोण बांधणार, कुठल्या रंगात?
आणि माती? माती कोण नेणार?

इथं तो थांबला.
कुठल्याशा बाईच्या दारात, एका उन्हाळ्यात,
मातीचा डोंगर तसाच सोडून आले होते हे सगळे.
"तिचा फोन मीच घेतला होता," तो म्हणाला,
"उद्या येतो म्हणालो."
तोंडी. म्हणजे पाण्यावरची रेघ.
ब्रॅडननं मान खाली घालून लिहिलं:
माती, कंपनी, सात दिवसांच्या आत.

मी पाण्याच्या बिलामागे बेरीज करत होते.
विचारलं एवढंच, की फाटकाची कडी किती उंच?
शेजारचा थिओ साडेतीन वर्षांचा आहे,
आणि फ्रिजवरसुद्धा चढतो.

मग पान नऊ.
पाणी जिथं भिंतीला टेकतं तिथली टाइलची ओळ,
सहा इंची, काचेची, निळी. काम कंपनीचं.
एव्हारिस्तोनं 'कंपनीचं' खोडलं.
वर लिहिलं, स्वतः.
"मिस्टर किहुईस, तुमचे गुडघे..."
"गुडघ्यांशी तुझा करार नाही."
"आमचा विमा यात येत नाही."
"नको."
"त्या ओळीची वॉरंटी कोणीच देणार नाही."
"तेही लिही."
ब्रॅडननं लिहिलं. अक्षर बापासारखंच, उजवीकडे कललेलं.

सह्या झाल्या. लिंबू कापून सरबत झालं,
ब्रॅडनची गाडी गल्लीच्या टोकाला वळली.
अंधारात तो एकटाच परसात गेला.
कोरड्या जमिनीवर गुडघे टेकले,
तळहात उभा धरून
नसलेल्या भिंतीवर एक टाइल दाबली. मग दुसरी.
उठताना टबाचा काठ धरावा लागला,
टब उलटला, तो हसला,
मी पाहिलं हे त्याला कळलं नाही.

पान नऊवर टाइलसाठी दिवस होते 4.
मी पेन उघडलं
आणि त्या आकड्याच्या अलीकडे
एक उभी रेघ ओढली.
सकाळी ब्रॅडनला फोन करायचा आहे,
शेजारी त्याचीही सही लागेल.