बदली ड्यूटी

सयाजी हॉस्पिटलच्या मस्टरात
एलीशेबा झिराडकर या नावापुढे, धर्माच्या रकान्यात,
क्लार्कने 'ख्रि.' लिहिलं होतं.
मी तीनदा खोडलं.
चौथ्यांदा तो म्हणाला,
सिस्टरबेन, ज्यूनुं तो खानुंज नथी.
राहू दे, म्हटलं.

अशी मला पंचवीस डिसेंबरची
हक्काची सुट्टी लागू झाली,
आणि कोकिला मेकवानला तर ती होतीच.
पण बाळंतिणींच्या वॉर्डातून
दोघींना एकदम सोडायची नाही मेट्रन.

मग सौदा झाला, एका चहात दोन बशा:
नाताळची रात्र माझी,
किप्पूरचा दिवस तिचा.
एकतीस वर्षं चालला. कागद नाही, सही नाही.

तिच्या गोठ्यावरचा बर्फ माझ्या कपाटातला,
अर्धा किलो कापूस, हिशेबात 'ड्रेसिंग'.
मी म्हणायचे, मेकवान,
तुझ्या गव्हाणीतलं गाय-गाढव सोड,
बाकी बहुतेक माझ्याच नात्यातले.
ती शाल गुंडाळत म्हणायची,
मग बस ना नातेवाईकांपाशी, मी निघाले.

आणि बसायचे मी.
फतेगंजच्या बाजूने बाराची घंटा यायची.
तिच्या अलीकडे नाहीतर पलीकडे
कुणीतरी डभोईची, छोटाउदेपूरची पोर
कॉटची दांडी धरून आईला हाक मारायची.
त्या रात्री आलेल्या एकानेही तारा पाहिला नाही.
ट्यूबलाइट होती, तीही फडफडणारी.

लोक विचारतात, मग तुम्ही लोक नाताळला करता काय?
दोन किलो सातशे.
दोन किलो शंभर, पायाळू.
एकदा जुळं, आणि कात्री एकच उकळलेली.
नंतर नळाखाली हात धरून
पाण्याच्या आवाजाआड शेमा म्हणायचे.
शुक्रवार असला तरी.
जीव येत असेल तर शब्बाथ बाजूला सरतो,
एवढं वडिलांनी शिकवलं होतं.

सकाळी ती बिस्किटांच्या गोल डब्यात केक घेऊन यायची
आणि झाकण उघडायच्या आधी शपथ घ्यायची:
डालडाच आहे, चरबी नाही,
अंडी एकेक वाटीत फोडून पाहिली,
रक्ताचा ठिपका एकातही नव्हता.
माझ्या सुनेला अजून हे ठाऊक नाही.

माझी आई किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणायची.
पांढरं नेसायचं, दार लावायचं,
पाण्याचा थेंबही नाही.
मी अहमदाबादला त्या बंद दाराआड असायचे तेव्हा
वॉर्डात मेकवान काय करायची
हे मला मार्चमध्ये कळलं,
तिला मातीत ठेवून परतताना.
जुनी आया सविता म्हणाली,
त्या दिवशी मेकवानबेन चहा घेत नसत.
विचारलं तर म्हणत,
बीजानी ड्यूटी छे, एमां खवाय नहीं.

आज चोवीस तारीख.
मुलगा अश्दोदला, व्हिडिओवर पाऊस दाखवतो.
सोसायटीचा वॉचमन सलाम ठोकून म्हणाला, हॅपी क्रिसमस, बेन.
पन्नास रुपये दिले. खोडलं नाही.
(चौकटीवरचा मेझुझा त्याला बेल वाटतो.
मागे एकदा दाबत उभा होता बराच वेळ.)

साडेनऊपासून पाय चपला शोधतायत.
ड्यूटी कुणाची नाही, सुट्टी कुणाची नाही,
आणि मला ही रात्र झोपून काढता येत नाही,
कधी काढलीच नाही.

बाराची घंटा झाली.
वॉर्डाचा नंबर बोटांना पाठ होता,
पुढे एक आकडा वाढलाय फक्त.
कुणी अनोळखी पोरगी म्हणाली, लेबर रूम, बोला.
तिच्या मागे कुणीतरी रडत होतं,
पहिलंच.
मी विचारलं, वजन किती?
कोण बोलतंय?
मेकवानच्या बदलीवरची, म्हटलं.
ती क्षणभर थांबली. मग म्हणाली,
धरा हं सिस्टर,
अजून पुसतेय.