पायाचं काम

उदगीरची सभा संपली, साहेब मोटारीनं पुढे गेले.
आम्ही दोघं उरलो, मी आणि वैजनाथ मेकॅनिक.
मशीनच्या नाकाला कुणीतरी हळदकुंकू फासलेलं,
नव्या ट्रॅक्टरला फासतात तसं.
दार उघडून आतही ताट ओवाळून गेले होते.

चाकूर मागे पडलं. खाली तुरी फुललेल्या,
सोयाबीनच्या गंजींवर निळ्या ताडपत्र्या.
जरा वळावं म्हणून उजवं पेडल दाबलं
आणि पाय गेलाच नाही.
अजून एक पायरी आहे समजून उतरावं
आणि जमीन आधीच लागावी, तसं.

डावं दाबलं. तेही नाही.
पुन्हा, जोरात.
मग जोर लावल्याची लाज वाटली.

"वैजू, पेडल."
तो माझ्या घोट्यांपाशी टॉर्च घेऊन वाकला,
काही न बोलता परत बसला
आणि त्यानं पट्टा आवळला.

हेलिकॉप्टर म्हणजे हवेत थांबता येणारं यंत्र,
शाळेतल्या पोरांना मी हेच सांगत आले.
आज तेवढं एकच करायचं नव्हतं.
थांबलीस की फिरशील.
वेग आहे तोवर वारा शेपटीला धरून ठेवील.

लातूरच्या पट्टीवर फोन लावला.
"गुंडेराव, पट्टी मोकळी आहे का?"
"मोकळीच हाय की. दोन शेळ्या हायत, हाकलूलालो.
तुमी असं वाकडं का येऊलालाव मॅडम?"

नाक डावीकडे वळलेलं, रुसलेलं.
डावा हात वर ओढला की उजवीकडे येई,
खाली सोडला की परत तोंड फिरवी.
आई परळीत ब्लाउज शिवायची.
मशीनची वादी तुटली की चाक हातानं फिरवायची,
एका हातानं चाक, एका हातानं कापड,
आणि पाय पायट्यावर नुसते ठेवलेले,
सवयीनं.

साठ. पन्नास.
आता ओढू नकोस, आता नको.
चाळीस.
समोर पट्टी, तिच्यावरची पांढरी रेघ,
कडेला काठी उगारलेले गुंडेराव.
तीस, आणि जमीन गुडघाभर.
डावा हात बोटभर वर.
नाक आलं रेघेवर,
पंगत उठता उठता पोचलेल्या पाहुण्यासारखं,
आणि तेवढ्यात टेकलो.

डांबरावर लोखंड किंचाळत गेलं.
टेकल्यावर हात झटकन खाली टाकावा वाटतो,
सुटलो म्हणून.
टाकला असता तर भोवरा झाला असता आमचा.
तसूतसूनं सोडला.
घासत, खरडत, कुरकुरत
उभे राहिलो.

पाती थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
सगळं काम हातांनी केलं होतं,
थरथरत मात्र पाय होते.

वैजनाथनं पेडलखालची पट्टी उघडली.
दोन बोटं आत घातली, बराच वेळ चाचपलं
आणि तळहातावर आणून ठेवली
एक सुपारी. कुंकू लागलेली.

"रिपोर्टात काय लिहू?"
"बाहेरची वस्तू, असं लिही."

गुंडेराव धापा टाकत आले,
मशीनभोवती एक चक्कर मारली,
खरडलेल्या डांबराकडे बघितलं,
मग वैजूच्या हाताकडे.
"चांगली चिकनी हाय," म्हणाले,
"अडकित्ता हाय माझ्याकडं. फोडू का?"