बाराव्या सरीतली हिरवी

सहमच्या मागे, समुद्रापासून चार किलोमीटर आत,
खलफानच्या शेतात भुईमुगाने माना टाकल्या
तेव्हा त्याला उगवून जेमतेम तेरा दिवस झाले होते.
मी रोप धरलं. उपटावंही लागलं नाही, हातात आलं.
जमिनीलगत मान काळी,
चिमटीत घेतली तर काजळ.

दुकानदाराने दिलेला डबा खलफानने आणलाच होता.
झाकणावर कवटी.
"याच विहिरीवर माझ्या शेळ्या पाणी पितात," तो म्हणाला,
आणि डबा माझ्या पायाशी ठेवून बघत राहिला,
जणू मी पदरात दुसरं काही घेऊन आलेय.

आले होते.
पुण्याहून आलेली पुडी, पाव किलो ट्रायकोडर्मा,
हिरवट राखेसारखी.
विमानतळावर दोन तास तिची चौकशी झाली,
माझीसुद्धा एवढी कधी झाली नव्हती.
पण मस्कतहून येताना ती गाडीच्या मागच्या काचेखाली राहिली.
मे महिना. मी वाटेत एकदाच थांबले होते, चहाला.
प्रयोगशाळेत ताटलीवर पेरली.
चार दिवस. आठ दिवस.
काही नाही.
उन्हाने बुरशीही मरते, हे मला परीक्षेत पाच गुणांना लिहिता आलं असतं.

मफिजुल काही बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं.
बांधावरच्या शरीशाखाली
(आपला कडुनिंबच, इथे नाव तेवढं बदलतो)
नऊ रोपं उभी. बाराव्या सरीचं टोक.
निंबोळ्या पडून कुजलेल्या, वर शेळ्यांच्या लेंड्या,
पाणी तितकंच खारट.
ती का उभी होती, हे त्यालाही माहीत नव्हतं.
"इथे मी डबा धुतो जेवणाचा," एवढंच म्हणाला.

त्या मुळांची माती आणली, चमचाभर.
तिच्यातून निघालेली हिरवी ताटलीच्या एका कडेला,
काळी दुसऱ्या कडेला.
चौथ्या दिवशी मध्ये बोटभर हद्द.
सातव्या दिवशी हद्द नव्हती.
भिंगाखाली हिरवीचा धागा काळीला
दोडक्याच्या वेलाने काठी धरावी तसे वेढे घालत होता.
काट्याने काटा म्हणतात ते हे.
मला उगीच वाईट वाटलं, काळीबद्दल.
तीही इथलीच.

मग उन्हाळाभर तिला वाढवलं,
खजुराच्या चोथ्यावर, ओल्या पोत्याखाली.
सप्टेंबरात बियाणं चोळलं.
आमच्याकडे गुळाच्या पाण्यात चोळतात, इथे खजुराच्या पाकात.
मफिजुलचे हात कोपरापर्यंत हिरवे,
खलफान दाराशी उभा, हसू दाबत:
"बी पेरताय की हलवा?"
पानांवर टिक्का दिसला तेव्हा निंबोळीचा अर्क फवारला,
वास आठ दिवस माझ्या ओढणीला.
डबा तसाच, कवटीवर धूळ.

सगळं वाचलं असं नाही.
विहिरीकडच्या तीन सरी गेल्या, काळीने की मिठाने, सांगता येत नाही,
आणि मी अहवालात तसंच लिहिलं:
सांगता येत नाही.
बाकी ठिकाणी आऱ्या सुटल्या, मातीत शिरल्या,
जानेवारीत वेल उपटले तेव्हा
प्रत्येकाला माती धरून लोंबणाऱ्या शेंगा.

शरीशाखाली मफिजुलने मिठाच्या पाण्यात उकडल्या.
एक फोडली तर आत दाण्याऐवजी काळी भुकटी.
त्याने फुंकर मारली,
पुढची घेतली.

आता ती हिरवी थंड पेटीत आहे, काचेच्या नळीत.
नोंदवहीत रकाना आहे: मूळ ठिकाण.
माझ्या कागदांवर तो दर दोन वर्षांनी भरावा लागतो,
मी गावाचं नाव लिहिते, जरा थांबून.
हिच्यासाठी थांबले नाही.
बारावी सर, झाडाकडचं टोक,
जिथे डबा धुतात.