घासलेला नंबर

म्हस्केंनी जालन्याहून बोर्ड आणला,
तांदळाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर, मांडीवर धरून.
म्हणाले, लेथ सत्याऐंशी सालची. माझ्या लग्नाच्या वर्षाची.
झेड अ‍ॅक्सिस आधी थरथरतो, मग मुका होतो.
कंपनीला लिहिलं, तर एका ओळीचं उत्तर आलं :
हा माल आता बनत नाही, नवीन मशीन घ्यावी.
म्हस्के हसले. "घरात कुणाला दाखवलं नाही मी ते पत्र."

मी आधी वास घेते.
कपॅसिटर पाझरला की सुकटीचा वास येतो,
रेझिस्टर जळला की घशात बसतो.
या बोर्डाला दोन्ही होते, वर कूलंटच्या तेलाचा लेप,
लेपात लोखंडाची भुकटी.
ब्रशने धुतला, कूलरसमोर उभा केला.
मे महिन्यात, चिकलठाण्यात, पत्र्याखाली
दुपारी तीनला काहीही वाळतं.

मग दिसला : मधोमध, सोळा पायांचा आयसी,
पाठ घासलेली.
नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही.
कडेला सोल्डरचा थेंब, त्याची शेपटी डावीकडे वळलेली.
ती शेपटी मी ओळखते.
मुश्ताकभाई डावखुरे होते.

सात वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले.
पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्या पानाच्या डबीत, सुपारीला लागून.
"नंबर दिख्या तो धंदा गया, बेटा."
पण माझ्यासमोरही कधी घासलं नाही,
मी डबा खायला बाहेर गेले की घासायचे.
ते गेले तेव्हा खणात निघाले
शंभरेक आयसी, सगळे पालथे, सगळे कोरे.
मी चिडले होते तेव्हा. मयतीला सुद्धा चिडूनच गेले.

तीन आठवडे मीटरने एकेक ट्रॅक मोजला,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सर्किट काढत गेले.
सगळं जुळायचं, मधला चौकोन तेवढा रिकामा.
म्हस्के रोज फोन करायचे, फक्त तब्येत विचारायचे.
बोर्डाची.

एका संध्याकाळी लाइट गेली.
मोबाइलची बॅटरी टेबलावर आडवी पडली होती,
उजेड बोर्डाच्या अंगावरून सरपटत गेला
आणि घासलेल्या पाठीवर आकडे उभे राहिले.
पुसट, पण सगळे.

त्यांना पुरतं घासता येत नव्हतं असं नाही.
तो हात जिथे थांबला, तिथे थांबवलेला होता.
शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचा जनरेटर सुरू झाला,
मी तशीच बसून राहिले.

तो आयसीही आता कुठे मिळत नाही, ही वेगळी गंमत.
मग नवा बोर्ड काढला. जुन्याच्या निम्मा,
पण भोकं त्याच मापाला, कनेक्टर त्याच जागी,
पॅनेलला कळू नये भाडेकरू बदलला म्हणून.
पहिल्याच दिवशी उलटी जोडणी करून मॉड्यूल उडवलं.
साडेचार हजार. हेही लिहून ठेवते.

जालन्यात लेथ चालू केली तेव्हा झेड गुणगुणायला लागला,
मच्छरदाणीत डास अडकावा तसा.
गेनचा स्क्रू पाव आटा मागे घेतला,
आणि तो गप्प झाला.
मुका नव्हे, गप्प.
म्हस्केंनी स्लाइडवर रुपया उभा केला, काठावर.
हळू फीड, शंभर मिलिमीटर पुढे, शंभर मागे.
रुपया उभाच.
पैसे त्यांनी दुसऱ्या खिशातून काढून दिले, न मोजता.

आता त्यांच्या मेव्हण्याचीही तसलीच लेथ आहे.
त्याचा बोर्ड तयार होऊन पुढ्यात पडलाय.
मी पॉलिश पेपर काढला.
पोट मलाही आहे, स्कोपचा हप्ता आहे,
स्टुलावर नवीन पोरगी बसते, आयटीआयची, कैकाडे नावाची,
तिला डबा खायला बाहेर पाठवलं.
घासला.

मग खिडकीशी तिरपा धरून बघितला.
अजून एक हात मारणार होते.
नाही मारला.