हातचा

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
सरोवर अजून गोठलेलं नसतं, नुसतं काळवंडतं.
टेकडीवरच्या इस्पितळाच्या तळघरात
रोंडा हाकाला रक्ताच्या पिशव्या मोजते.
बावीस वर्षं.

लाल पेशी बेचाळीस दिवस टिकतात,
प्लेटलेट्स पाच.
पिवळट, कोमट पिशव्या,
यंत्राच्या पाळण्यात सारख्या झुलत ठेवायच्या,
नाहीतर गुठळ्या धरतात.
पाचव्या रात्री बारा वाजले
की रोंडा त्यांना पाळण्यातून उचलते
आणि लाल डब्यात टाकते.
रजिस्टरात कारणाचा रकाना दोन इंचांचा.
ती लिहिते : मुदत संपली.

घरी, जेवणाच्या टेबलावर, तीन विद्यापीठं उघडी.
पहिलं दोन वर्षांचं, दर शनिवारी सकाळी थेट तास,
दांडी मारलीत तर विचारणारं माणूस आहे.
दुसरं स्वस्त. मास्तर तीन वर्षांपूर्वीच
कॅमेऱ्यासमोर बोलून गेलेत,
शंका आली तर भिंतीला विचारा.
तिसऱ्याचं नाव मोठं, फी त्याहून मोठी,
आणि माहितीपत्रकात एक बाई
मांडीवर लॅपटॉप घेऊन हसतेय.
रोंडाची मांडी इतकी रिकामी कधी नव्हतीच.

तिनं तक्ता केला.
फी. आठवड्याचे तास. पायथन शून्यापासून शिकवतात का.
नोकरी सांभाळून किती जण शेवटपर्यंत पोचतात?
हे कुणीच छापलं नव्हतं. तिनं फोन केला.
पलीकडे आवाज गोड होता, आकडा नव्हता.
रकान्यांना वजनं दिली, बेरीज मारली :
तिसरं आलं.
फीचं वजन वाढवलं : दुसरं आलं.
तासांचं थोडं कमी केलं,
आणि तिथंच तिचा हात थांबला.
आकड्यांच्या तोंडून आपण आपलंच वदवून घेतोय
हे कळायला तिला पदवी लागली नाही.

वेन गळाचं रीळ पुसत बसला होता.
हातचं सोडून पळत्यापाठी, असं आपल्याकडे म्हणतात;
त्याच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक नाही,
पण तो म्हणाला तेच.
सत्तेचाळिसाव्या वर्षी, रोंडा.
मग उठून तिच्यासाठी कॉफी ओतली. पूर्ण कप.

तिचा बाप गोदीवर खनिजाच्या वाघिणी मोजायचा.
बेरीज शिकवताना पोरीचं बोट मुठीत दुमडून धरायचा :
हा हातचा. हा विसरलीस
तर आख्खा डोंगर चुकला.

अर्जात विचारलं होतं : हीच पदवी का?
तिनं लिहिलं, 'व्यावसायिक प्रगतीसाठी'. खोडलं.
दुसऱ्या दिवशी जुनी रजिस्टरं काढून बसली.
हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार :
दाते रानात जातील, म्हणून धास्तीनं मागवलेल्या जादा पिशव्या;
पुढच्या गुरुवारी डबा काठोकाठ.
त्याच्या आदल्या वर्षी तेच.
त्याच्याही आदल्या वर्षी तेच,
तिच्याच अक्षरात.
एका वर्षाच्या टाकलेल्या पिशव्या मोजल्या : दोनशे अकरा.
दोनशे अकरा वेळा कुणीतरी बाही सरकवून
दोन-दोन तास निजून राहिलं होतं.
कुणाच्या तरी हातचं.
कुठल्याच बेरजेत धरलेलं नाही.

पहिल्याला होकार कळवला.
शनिवारची पाळी कीशानला दिली,
बदल्यात त्याचा नाताळ घेतला. वेनला अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री बाराला एकच पिशवी उरली होती.
रोंडानं लिहिलं : मुदत संपली.
मग अक्षर बारीक करून खाली :
मंगळवार. उणे नऊ. दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.
रकाना संपला.
ती समासात लिहीत राहिली.