आधी उंबरठा

शनिवारची अर्धी शाळा सुटली तसे निघालो.
तेरा पोरं, एक मी,
आणि जाळरेषा झाडणारे चैतूजी मडावी.
त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड कायम असते,
ती चाललेली मी अजून पाहिलेली नाही.

मोह नुकता गळू लागलेला.
येनाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती
आणि टिकेशच्या खिशातल्या गोट्या त्याहून मोठ्यानं बोलत होत्या.
चैतूजींनी नुसता हात पुढे केला.
गोट्या गुपचूप त्यांच्या पागोट्यात गेल्या.

नाल्याच्या काठाला पहिलं बीळ.
टिकेश काडी घेऊन धावला.
"थांब बाबू. तुया घरात कोनी काडी घातली तं?
आधी उंबरठा पाहाचा."
मग पाहिला, तेराही जणांनी पालथं पडून.
तोंडावर कोळ्याचं जाळं, जाळ्यात जुनी धूळ.
"रिकामा आहे," भुमेश्वरी म्हणाली.
पाच पावलांवरचं दुसरं मात्र
घासून गुळगुळीत, राशन दुकानाच्या ओट्यासारखं,
आणि दाराशी पडलेला एक काटा,
काळा-पांढरा, बोरूएवढा.
सायाळ.
"झोपली असन आतमंदी."
त्यावर तेरा पोरं कुजबुजायला लागली,
जी वर्गात माझ्यानं कधी कुजबुजली नाहीत.

बेहड्याच्या खोडात, खूप उंच, एक फट.
खाली उंबराच्या बियांचा सडा.
धनेशाची बाई आत बसलेली,
दार चिखलानं लिंपून घेतलेलं,
नवरा फटीतून उंबर भरवतो.
"माया आईले तं कोनी काई आनून नाई देल्लं,"
कुणीतरी मागून म्हणालं.
मी वळले नाही. आवाज ओळखला होता.

पळसाच्या वळणावर अचानक भाताचा वास आला,
चिन्नोर शिजावा तसा, गरम, गोड.
"कोनाच्या घरी जेवन हाये?" टिकेश.
चैतूजी हसले नाहीत.
कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली, एवढंच,
आणि आम्हाला दुसऱ्या वाटेला वळवलं,
पोरांकडून मोठमोठ्यानं पाढे म्हणवून घेत.
सतराचा पाढा संपेपर्यंत सांगितलं नाही
की तो वास वाघ झाडाला लावून जातो.
"काई घर," ते मला म्हणाले,
"वासावरूनच सोडून द्याचे."

ती दुसरी वाट जुन्या बोरीटोल्यातून जाते.
आता तिथं टोला नाही,
घाणेरी आहे, वाळका तरोटा आहे.
भुमेश्वरी मध्येच थांबली.
तीन दगड, आतल्या बाजूनं काळे.
शेजारी एक लिंबाचं झाड, काटेरी, एकटं.
"लिंबू आपल्या मनानं नाई येत इथं," ती म्हणाली,
"कोनी तरी पानी घातला."
हजेरीपटात तिच्या नावापुढे 'पुनर्वसित'
मीच लिहिलंय, निळ्या शाईनं, सुवाच्य.

चुलीच्या मागे बीळ होतं, माती ताजी.
ती पालथी पडली नाही.
उकिडवी बसली, जाळं नाही हे पाहून घेतलं,
चप्पल हातात घेतली
आणि पाठ न दाखवता मागे सरकली.
"राह्यते कोनी तरी."
टिकेश दगडावर उभा होता.
तोही खाली उतरला.

त्याच संध्याकाळच्या एसटीनं मी नागपूरला गेले,
नेहमीसारखी.
सोमवारला जोडून एक सुट्टी आली, मग अजून एक घेतली.
बुधवारी आले तर खोलीपुढे
सात-आठ जण पालथे पडलेले.
कुलपापासून चौकटीपर्यंत एक बारीक जाळं.
पायरीवर पानं, पानांवर पाऊल नाही.
टिकेशनं वर पाहिलं, जरा ओशाळून.
"बाई," तो म्हणाला, "इथं कोनी राह्यत नाई."

मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले,
बराच वेळ.