सातव्या रात्रीचा पत्ता

जानेवारीत स्विंडनला चार वाजताच दिवे लागतात.
टेबलावर शेजारच्या कीथनं दिलेला नकाशांचा ठोकळा,
पानांना जुन्या गाडीचा वास.
स्पेन ऐसपैस पसरलाय,
पोर्तुगाल मात्र शिवणीत अडकलाय:
लिस्बन बघायचं तर पुस्तकाची पाठ मोडावी लागते.

श्रीरंग म्हणतो, फोन आहे ना.
तरी तोच वाकून बसलाय, चष्मा कपाळावर,
सांतांदेर ते बुर्गोस वितीनं मोजत.
पोर्ट्समथहून बोट, मग बुर्गोस, सालामांका, मेरिदा,
एव्होरा, लिस्बन, परतताना पोर्तो.
तक्त्यात सगळं भरलंय: टोल, पेट्रोल,
हेडलाइटवर डकवायच्या पट्ट्या,
पिवळी जाकिटं माणशी एक.
'स्विमिंग पूल' हा रकाना मुक्तानं घुसवलाय,
आणि प्रत्येक ओळीत स्वतःच 'हो' लिहिलंय.

अकरा दिवस उजव्या बाजूनं गाडी.
हा माणूस इथल्या त्या पाच चक्रांच्या चौकात
पहिल्या वर्षी शिरला, गरगरला,
आणि दूध न घेताच घरी परत आला होता.
जमेल का, मी विचारलं.
म्हणाला, आमच्या कुडाळला देवानं उजवा कौल दिला
की काम फत्ते.
म्हटलं, देव फूल पाडतो, गिअर नाही.

घरात तीन पासपोर्ट, तिन्ही निळे.
त्यांतले दोन नुसते दाखवायचे.
माझ्या निळ्यावर तीन सिंह दिसतात,
चौथा पाठीमागे,
तो बहुधा व्हिसाच्या रांगेत उभा असतो.
बँकेचे तीन महिने, नोकरीचं पत्र, विमा,
आणि प्रत्येक रात्रीचा पत्ता.
प्रत्येक.
भाजीलासुद्धा यादी न करता जाणारी मी
मे महिन्यातल्या एका मंगळवारी
नेमकी कुठल्या उशीवर डोकं टेकेन,
हे आज सही करून सांगतेय.

रात्री सगळे झोपल्यावर पानं उलटत बसले.
कीथची पेन्सिल जागोजागी:
'पीच चांगले.'
'ब्रेक तापले.'
'जेवण नऊशे पेसेटा, महाग.'
'मॉरीनची दाढ इथे.'
आणि मेरिदाच्या खाली, सरहद्दीच्या अलीकडे,
जिथे नकाशात रस्ता केसाएवढा होतो,
नुसतं एक प्रश्नचिन्ह.
दोनदा गिरवलेलं.

गुरुवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना विचारलं.
कीथ झाकण हातात धरून उभा राहिला.
म्हणाला, चुकलो होतो आम्ही.
अंधार, पाऊस, पेट्रोल संपत आलेलं.
एका बाईनं खोली दिली, सूप दिलं,
सकाळी पैसे घ्यायला तयार होईना.
गावाचं नाव विचारायचं राहिलं.
मॉरीन म्हणायची, जाऊ परत.
मग वारा आहे असं काहीतरी बोलून
त्यानं झाकण लावलं.
त्यांच्या दारात आता एकच डबा असतो,
तोही अर्धा रिकामा.

सातव्या रात्रीसाठी फॉर्मवर
बादाहोसचं एक हॉटेल लिहिलंय,
आदल्या संध्याकाळी सहापर्यंत रद्द होणारं.
श्रीरंगनं त्या ओळीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
ज्याला रिकामा रकाना दिसला की खाज सुटते,
त्या माणसानं हॉटेलच्या नावापुढे
एक छोटंसं प्रश्नचिन्ह टाईप केलं
आणि लॅपटॉप मिटला.

मी मनात मोजतेय:
दुधात भिजवलेल्या दशम्या चार दिवस टिकतील,
शेंगदाण्याची चटणी महिनाभर.
त्या बाईला द्यायची झालीच,
असलीच ती अजून,
तर तिखट जरा कमी घालावं का?
कीथ 'नाव लिहून आणा' असं काही म्हणाला नाही.
म्हणजे, तोंडानं नाही.

जिन्यावरून मुक्ताचा आवाज:
सातव्या रात्री पूल आहे का नाही?